पिशवीची भिंत

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये मी नोकरीला होते. नोकरी म्हणजे काय, तर बायकांना पाणी पाजायचं. पोटाची सोनोग्राफी करायची तर लघवीची पिशवी भरलेली लागते, त्याशिवाय आतलं नीट दिसत नाही. त्यामुळे सकाळी शटर उघडलं की पिंप भरायचं, स्टीलचे ग्लास विसळायचे आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात ग्लास द्यायचा. "पी. अजून पी. लागली की सांग. पण जाऊ नको हां!" दिवसभर माझ्या तोंडात हेच. मागच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत असायचे, त्यामुळे सगळं ओरडून सांगावं लागे, आणि माझा आवाज मुळातच काही बारीक नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळायचं की आत कोणाला लागली आहे आणि कोणाला नाही.

त्यात लाइटचा खेळ. लाइट गेली की लूम थांबायचे, गल्ली एकदम मुकी व्हायची आणि बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. जनरेटर होता, पण तो लावायचा की नाही हे सेंटरच्या मालकांवर. ते म्हातारे डॉक्टर. "येईल दहा मिनिटांत," असं म्हणून ते पेपर उघडायचे, आणि दहा मिनिटांचा कधी तास व्हायचा, कधी दीड. तोवर बायका पाय आवळून बसलेल्या. मी त्यांची चेष्टा करायचे, त्याही हसायच्या. "बेहन, हसा मत, निकल जाएगा," असं एक जण म्हणाली की सगळा बाक हसायचा आणि सगळ्या बाकाची पंचाईत व्हायची.

नंबर लावायची माझी स्वतःची एक पद्धत होती. ती कोणी मला शिकवली नव्हती, पण सेंटरमध्ये सगळ्यांना मान्य होती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायका अर्ध्या तासात रडकुंडीला यायच्या, त्यांना आधी घ्यायचं. गल्लीतल्या बायका मधे. आणि गावाकडच्या, म्हणजे आमच्या वळ गावच्या, आसपासच्या गावांतल्या, डोंगराकडच्या पाड्यांवरच्या, त्या शेवटी. कारण त्या धरू शकायच्या. सकाळी येऊन बसलेली बाई दुपारी तीनलाही तशीच बसलेली. ना चुळबुळ, ना तक्रार. मी वळची असल्यामुळे मला त्याचा अभिमान वाटायचा. "आमच्याकडच्या बायका लोखंडाच्या आहेत," असं मी फ्लॅटवालीला ऐकवायचे.

मग दुपारच्या वेळेला एक नवीन डॉक्टर मॅडम येऊ लागल्या. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या, बोलणं मोजून. त्यांची एक सवय होती. पेशंट कशासाठीही आलेली असो, पिशवी भरलेली दिसली की पुढे जायच्या आधी त्या तिथे थांबायच्या. पडद्यावरचं चित्र गोठवायच्या आणि पिशवीच्या कडेवर दोन छोट्या फुल्या ठेवायच्या, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. दोन फुल्यांमधलं अंतर मशीन खाली आकड्यात दाखवायचं. ती पिशवीच्या भिंतीची जाडी. म्हातारे डॉक्टर हसायचे. "मॅडम, ती गर्भाशयासाठी आलीय. पिशवीची भिंत कशाला मोजताय? घर बांधायचंय का?" मॅडम म्हणायच्या, "समोर आहे तर बघते, सर."

मला खोड प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची, म्हणून मी विचारलंच. त्यांनी सांगितलं की भरलेल्या पिशवीची भिंत पातळ असायला हवी, तीन मिलिमीटरच्या आसपास. रिकामी असली की भिंत जाड दिसतेच, म्हणून रिकाम्या पिशवीवरून काही ठरवता येत नाही. फुगा फुगवला की त्याचं रबर पातळ होतं, तसंच हे. पण पिशवी भरलेली असूनही भिंत जाड असेल, तर काहीतरी चुकतंय. मी मान डोलावली आणि पुढच्या बाईला ग्लास दिला. मला काय करायचं होतं त्या मिलिमीटरशी!

त्याच सुमारास आईला थंडी वाजून ताप यायला लागला. चार दिवस यायचा, गोळ्यांनी जायचा, पुन्हा महिन्याभराने हजर. कंबर दुखायची, संध्याकाळी पाय सुजायचे. विचारलं की एकच उत्तर, "मना काय झालंय? काय न्हाय." शेवटी मी चिडले आणि एका सकाळी तिला रिक्षात कोंबून माझ्याबरोबर सेंटरला घेऊन आले.

घरची हकिगत इथे सांगायला हवी. माझे वडील मी लहान असतानाच गेले. मी आणि आई मोठ्या काकांच्या घरात राहिलो. म्हणजे घर सगळ्यांचंच, पण कर्ते काका. वळची आमची भाताची शेतं त्यांनी गोडाऊनवाल्यांना दिली आणि जुनं घर पाडून दोन मजली बंगला बांधला. मोठा हॉल, हॉलमध्ये सोफा, सोफ्यावर काका. सकाळपासून रात्री जेवायला उठेपर्यंत तिथेच. जमिनीचे दलाल, गावातली माणसं, टेम्पोवाले, सगळे तिथेच यायचे. माणूस वाईट नाही. मला शिकवलं, नोकरी करू दिली, लग्नाची घाई केली नाही. पण आई त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, आमच्यात रीतच तशी. धाकट्याची बायको मोठ्या दिराशी बोलत नाही, समोर येत नाही, आलीच तर डोक्यावर पदर घेऊन बाजूबाजूने. काही विचारायचं असलं तर माझ्यातर्फे. "त्यांना इचार, चा ठेवू का?" काका तीन हातांवर बसलेले, त्यांनी ऐकलेलं असायचं. तरी मी विचारायचे आणि ते मलाच उत्तर द्यायचे, "ठेव म्हन." लहानपणी मला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर सवयीचा झाला.

तर त्या दिवशी आई बाकावर बसली. मी तिला पाणी पाजलं. तिचा घोट घशाखाली उतरेना. "येवढं पानी कोन पितं गो?" म्हणाली. मी दम देऊन चार-पाच ग्लास प्यायला लावले. मग लाइट गेली. नंबर मागेपुढे झाले, बाकावर आरडाओरड सुरू झाली. मी आईला म्हटलं, "तुला शेवटी टाकते. तुला काय फरक पडतो?" ती म्हणाली, "टाक की." मधूनमधून विचारत होते, "लागली का?" ती म्हणायची, "न्हाय अजून." बाकीच्या बायका येऊन, मोकळ्या होऊन, वडापाव खाऊन घरी गेल्या, आणि आई पदर सावरून तशीच बसलेली. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "माझी आई आहे. बघा, हलली तरी का!"

दुपार कलल्यावर तिला आत घेतलं. मी जेली लावली, मॅडमनी पोटावर मशीनचा प्रोब ठेवला. पडद्यावर लघवी काळी दिसते. रोज बघून मला ते काळं ओळखू यायला लागलं होतं. पण त्या दिवशी सगळा पडदाच काळा झाला. मॅडम प्रोब वर सरकवत गेल्या, बेंबीपर्यंत काळंच. त्यांनी चित्र गोठवलं, दोन फुल्या ठेवल्या. आकडा आला आठ आणि पुढे काहीतरी. त्यांनी तो पुसला, जागा बदलली, पुन्हा मोजलं. नऊ. मला वाटलं, लाइट गेल्यामुळे मशीन बिघडली.

"भरली नसेल, मॅडम. रिकामी असली की जाड दिसते ना?" मी शहाणपणाने म्हटलं.

"यापेक्षा जास्त ती कशी भरणार?" मॅडम म्हणाल्या. "बघ ना किती मोठी झालीय. एवढी ताणलेली आहे आणि तरी भिंत इतकी जाड."

मग त्यांनी आईला कुशीवर वळवलं आणि किडन्या बघितल्या. तिथेही काळं. जिथे काळं असायला नको तिथे. डावी फुगलेली. उजवी तर मला किडनी वाटलीच नाही. नुसती पाण्याची थैली आणि तिच्याभोवती पातळ साल. मी मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. ज्या बाईचा चेहरा कधी हलत नसे, तिच्या कपाळावर घाम होता.

"मावशी, लघवी करून या. मग परत एकदा बघते."

आई गेली. बराच वेळ आली नाही. मी दार वाजवलं, "आय, झालं का?" आतून, "थांब गो." बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झालेला, धाप लागलेली, जणू विहिरीचं पाणी शेंदून आली होती. पुन्हा टेबलावर घेतलं. मी पडद्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून "अगं!" असं निघून गेलं. अर्धं काळं तसंच होतं.

"झाली का पूर्ण?" मॅडमनी विचारलं.

"झाली की," आई म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की झाली.

मग मॅडमनी तो प्रश्न विचारला. रोज डझनभर बायकांना विचारायच्या तसाच, साधा. "मावशी, दिवसातून किती वेळा जाता?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "सकाली अंधारात. नि मंग राती, सगली निजल्यावर."

"आणि दिवसा?"

"दिवसा कशी जानार?" आई म्हणाली. मॅडमनी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे, असा तिचा सूर.

"दिवसा कधीच नाही?"

"लगीन झाल्यापास्नं न्हाय."

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. आई चेष्टा करते आहे असं वाटलं. माझ्या जन्माआधीपासून, म्हणजे माझ्या अख्ख्या आयुष्यात, ही बाई एकदाही दिवसा लघवीला गेली नाही? हे कसं असेल? मी तिच्याबरोबर राहते, एका खोलीत झोपते. मग माझ्या डोक्यात सणक गेली आणि मी तिच्यावर ओरडले, तिथेच, ती जेली लावून पडलेली असताना.

"अगं, घरात बाथरूम आहे ना! एवढ्या टाइल्स लावून घेतल्यात! ते काय फोटो काढायला?"

"बाथरूमचा दार हॉलमधी हाय," आई म्हणाली. "तिथं ते बसलेलं असतान. चार मानसं असतान. त्यांच्या म्होरनं जाऊ? आवाज येतो पान्याचा."

"मी जाते की रोज!"

"तू लेक हायस. मी सून हाय."

एवढंच. तिने पदराने पोट पुसलं आणि उठून बसली. मॅडमनी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. ती आपली आपण उतरली. घरात एक दार होतं, त्यातून मी दिवसाला पाच वेळा जात-येत होते, आणि माझ्या आईला ते दार बंद होतं. आणि मला हे माहीत नव्हतं. मला! अख्ख्या भिवंडीच्या बायकांना लागली का लागली का विचारत फिरणारीला!

नंतर तुकड्यातुकड्याने तिच्याकडून सगळं कळलं. लग्न होऊन ती आली तेव्हा घराला बाथरूम नव्हतंच. गावातल्या बायका पहाटे अंधारात शेताच्या बांधामागे जायच्या आणि मग दिवेलागणीनंतर. मधला दिवस कोरडा काढायचा. त्यासाठी पाणीच कमी प्यायचं, भर उन्हातसुद्धा नुसतं तोंड ओलं करायचं. नवी सून सासऱ्यांच्या देखत बाहेर पडली तर गावभर होई. पुढे शेतांच्या जागी गोडाऊन आले. आले तर आले, पण त्यांनी रात्रभर मोठे दिवे लावले. दिवसासारखा उजेड, वर वॉचमन आणि ट्रकवाले. गावातल्या सगळ्यांनी त्या दिव्यांचं कौतुक केलं, मीही केलं, कारण ड्युटीवरून घरी येताना भीती वाटेनाशी झाली. बायकांचा अंधार गेला, हे कोणी मोजलंच नाही. मग उरला तो पहाटेचा एक कोपरा, गोडाऊनच्या कंपाउंडमागे नाल्याकडेला. आणि बंगला झाल्यावर बाथरूम मिळालं ते हे असं, काकांच्या सोफ्यासमोर.

मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. भिंत म्हणजे खरं तर स्नायू. पिशवीचं तोंड इतकी वर्षं आवळून धरलं की ते सैल सोडायचं विसरतं. मग पिशवी आतून जोर लावते, रेटते, आणि रेटून रेटून तिची भिंत जाडजूड होते. तरी पूर्ण रिकामी होत नाही. राहिलेली लघवी सडते, ताप येतो, आणि दाब उलटा वर किडनीपर्यंत जातो. "हे एकच कारण असेल असं मी आज सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे न्या. पण उशीर करू नका. उजवी गेल्यातच जमा आहे. डावी वाचवायची आहे."

मी निघाले तर त्यांनी हाक मारली. "ऐक. आईला तू शेवटी का ठेवलंस?"

"धरू शकते म्हणून. आमच्या गावाकडच्या सगळ्यांना शेवटीच ठेवते. त्यांना त्रास होत नाही."

मॅडमनी आईचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. त्यांनी मला चार शिव्या घालायला हव्या होत्या. ज्यांना लागल्याचं कळतही नाही, त्यांना मी धडधाकट समजत होते. आणि ते फक्त मीच नाही, सेंटरमध्ये सगळेच समजत होते. दुसऱ्या दिवसापासून गावाकडच्या बायका आधी जाऊ लागल्या, फ्लॅटवाल्यांची कितीही आरडाओरड होवो.

ठाण्याच्या डॉक्टरांनीही मॅडमसारखंच सांगितलं. उजवी किडनी कामातून गेलेली, डावी अर्धी. दिवसभर भरपूर पाणी प्यायचं आणि दर तीन तासांनी पिशवी रिकामी करायची, नाहीतर डावीही जाईल, मग आयुष्यभर डायलिसिसच्या मशीनवर. आई मान हलवत होती. मला कळत होतं की ती घरी जाऊन यातलं काही करणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो, मी चप्पलही काढली नाही. हॉलमध्ये काका आणि दोन दलाल. टीव्ही चालू. मी जाऊन टीव्ही बंद केला.

"काका, तुम्ही इथनं उठा."

"काय झालं गो?"

मी सगळं सांगितलं. त्या हॉलमध्ये जे शब्द कधी उच्चारले गेले नव्हते ते सगळे मोठ्याने उच्चारले. लघवी, पिशवी, तुंबलेली, सडलेली, किडनी गेली. दलाल आपापल्या बुटांकडे बघायला लागले, मग पाणीही न पिता निघून गेले. आई स्वयंपाकघरातून "गप गो, गप" असं दबक्या आवाजात म्हणत होती, आणि मी अजून चढ्या आवाजात बोलत होते. काकांचा चेहरा राखेसारखा झाला. एवढा मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"मंग सांगायचा ना गो," ते म्हणाले. "कोनी सांगितलाच न्हाय मना."

"कोणी सांगायचं? ती तुमच्याशी बोलत नाही. आणि मला तिने सांगितलं नाही, कारण मी तुम्हाला सांगितलं असतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी दारात. बाथरूमचं हॉलकडचं दार विटांनी बंद केलं आणि मागच्या परसातून नवीन फोडलं, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. काका स्वतः उभे राहिले. हॉलची नवी टाइल फुटली तरी हूं की चूं केलं नाही. आता स्वतः काकांनाही वळसा घालून मागे जावं लागे. मला वाटलं, जिंकलो आपण.

नवं दार बसल्यावर पहिल्याच दुपारी मी आईला पाणी पाजून आत पाठवलं. बाहेर उभी राहिले. मागे कोणी नाही, परसात नुसतं ऊन. बराच वेळ झाला. आत रडण्याचा आवाज आला. आईला रडताना मी वडील गेले तेव्हा बघितलं होतं, त्यानंतर नाही.

"येतच न्हाय गो," ती आतून म्हणाली. "बसली हाय कवाची. येतच न्हाय."

मी दाराला टेकून उभी राहिले. जायची मुभा मिळाली होती, आडोसा मिळाला होता, आणि तिचं शरीरच ऐकत नव्हतं. माझा सगळा राग, तो हॉलमधला तमाशा, ते गवंडी, कशाचाही उपयोग नव्हता. मला तेव्हा प्रथम भीती वाटली की ही आता जाणार.

शेवटी नळी आली. पातळ रबरी नळी, ती स्वतःच्या हाताने घालून पिशवी रिकामी करायची, दिवसातून चार-पाच वेळा. ठाण्याच्या नर्सने शिकवलं. मला वाटलं आई मेली तरी हे करणार नाही. पण तिने ते मासे साफ करावेत तितक्या सहज उचललं. हात धुवायची, नळी उकळायची, वेळ झाली की उठायची. गॅसवर छोट्या पातेल्यात नळी उकळताना बघून काकांनी एकदा मला विचारलं की काय शिजतंय. मी सांगितलं. त्यांनी त्यानंतर विचारलं नाही, पण बाजारातून त्यासाठी वेगळं पातेलं आणलं.

काही महिन्यांनी मॅडमनी पुन्हा सोनोग्राफी केली. फुल्या ठेवल्या. भिंत जराशी उतरली होती, फार नाही. "ती आता पातळ व्हायची नाही पूर्ण," मॅडम म्हणाल्या. उजवी किडनी गेली ती गेली. पण डावीची सूज ओसरली होती. "ही राहील. असंच चालू ठेवा." आईने पडद्याकडे बघून विचारलं, "यो काला कमी झाला ना?" झाला होता. मी भर गल्लीत जिलबी वाटली. कशाबद्दल ते कोणाला सांगितलं नाही.

घरी येऊन मी काकांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. सोफ्याच्या कापडावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या काकूचा पन यो असाच व्हता का?"

काकू म्हणजे त्यांची बायको, आईची मोठी जाऊ. बंगल्याचा पाया भरला त्याच वर्षी त्या गेल्या. आधी ताप, मग पाय सुजले, मग तोंड. डोळे उघडेनात इतकं तोंड सुजलं. कोणी पाण्याची सूज म्हणालं, कोणी बाहेरचं म्हणालं, भगताकडेही नेलं. शेवटी हॉस्पिटलमध्ये किडन्या गेल्यात असं सांगितलं, तोवर काही उरलं नव्हतं. कशाने गेल्या, हे कोणी विचारलं नाही. काकांनी आज विचारलं, मला, कारण मी सेंटरमध्ये काम करते आणि मला कळतं असं त्यांना वाटायचं.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. सोनोग्राफी केल्याशिवाय सांगता येत नाही, असं मॅडम नेहमी म्हणायच्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"व्हय."

आई दारात उभी होती. डोक्यावर पदर. मला वाटलं मला सांगतेय. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. काकांकडे बघत होती. काका सोफ्यावरून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. त्या घरात आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"व्हय भावोजी," आई म्हणाली. "आमी दोघी संगं जायचो अंधारात. ती बसल्या जागी रडायची. दोन वरसं रडत व्हती. मी बघायची. ती बोलली व्हती, कोनाला सांगू नको."